माझ्या रूममेटची तीन मिनिटं

सिडनीच्या हॅरिस पार्कात त्या काळी असा एकही माणूस राहत नसेल, ज्याच्याशी माझ्या रूममेटने वाद घातला नाही आणि वाद संपल्यावर ज्याला त्याने चहा पाजला नाही. देव आहे का, असला तर त्याची थट्टा केलेली त्याला चालेल का, आणि ऑस्ट्रेलियन म्हणजे नेमका कोण, असले प्रश्न इतरांना निवडणुका आल्या की पडतात. याला ते दात घासताना पडत. तोंडात फेस तसाच ठेवून तो बाथरूमच्या दारात येई, ब्रश माझ्याकडे रोखून "पण मला एक सांग बे" म्हणे, आणि माझी आठची ट्रेन चुके.

भारतातून विद्यार्थ्यांची विमानं भरभरून येत होती, ती ही वर्षं. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आम्ही सहाजण राहत होतो. मी पुण्याचा, हा नागपूरचा, शिवाय एक हैदराबादी आणि आणखी तिघे. सगळेच अकाउंटिंग शिकत होतो, कारण अकाउंटिंगने पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळते असं सगळ्यांना कोणीतरी सांगितलं होतं. रूममेट संध्याकाळी एका पेट्रोल पंपाच्या काउंटरवर शिफ्ट करायचा. तिथे एकदा एक गिऱ्हाईक त्याला म्हणालं, "इथे यायचं तर आमच्यासारखं व्हायला पाहिजे, मेट." दुसरा कोणी असता तर कार्ड मशीन पुढे करून गप्प बसला असता. याने पावतीचा कागद फाडला, पेन काढलं आणि मनापासून विचारलं, "तुमच्यासारखं म्हणजे कसं? एकेक सांगा, मी लिहून घेतो." गिऱ्हाइकाने डोकं खाजवत क्रिकेट, बार्बेक्यू, मित्राला धरून राहणं आणि समुद्र अशी चार कलमं सांगितली. यादी नीट वाचून हा म्हणाला, "यातली तीन मी नागपुरात असल्यापासून करून राहिलो. समुद्राचं तेवढं राहून गेलं." गिऱ्हाईक हसत सुटलं, पण मागे रांग रस्त्यापर्यंत गेली होती. दुसऱ्या दिवसापासून मालकाने त्याला काउंटरवरून उठवून फ्रीजमध्ये दुधाच्या बाटल्या लावायला बसवलं.

शनिवारी सकाळी धर्मप्रचार करणारी दोन तरुण मुलं पांढरे शर्ट घालून दारोदार फिरत. बाकीचे फ्लॅट टीव्ही बंद करून श्वास रोखून बसत. आमचा रूममेट दार उघडून त्यांची वाटच बघत उभा. आलं ठेचून चहा होई, बिस्किटं निघत, आणि दुपारचा एक वाजला की तीच मुलं घड्याळाकडे बघू लागत. पुढे त्यांनी आमच्या बिल्डिंगकडे फिरकणं सोडलं. त्यांच्यातला एक मात्र बरेच दिवस एकटाच येत राहिला, आणि तो देवाविषयी चकार शब्द काढत नसे. त्याला आल्याचा चहा हवा असे.

युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, एकदा ट्यूटोरियलला विषय निघाला, धर्माचा अपमान करण्याची मोकळीक असावी का? आम्ही सगळे देशी विद्यार्थी वह्यांत मान घालून बसलो. हा उठला आणि मोकळीक असावी म्हणून पाच मिनिटं इतका सुंदर बोलला की विरोधी बाजूच्या दोन चिनी मुली गप्पच झाल्या. तेव्हा हा टेबलाला वळसा घालून त्यांच्या शेजारी जाऊन बसला आणि मोकळीक का नसावी, यावर बोलू लागला. मी नंतर विचारलं, "असं काय केलंस?" तर म्हणे, "त्या बाजूनं कोणी बोलूनच नव्हतं राहिलं बे. वाईट वाटलं."

माझ्या आईने पहिल्याच फोनवर, स्पीकर चालू आहे हे माहीत नसताना, विचारलं होतं, "त्या मुलाचं आडनाव काय रे?" मी शरमेने फोन बंद करायला धावलो. पण याने फोन हातात घेऊन आडनाव स्वच्छ सांगितलं आणि पुढे म्हणाला, "काकू, पुढचा प्रश्न मला माहीत आहे. आम्ही बौद्ध. आता मला सांगा, तुमच्या मुलाच्या वरणाला चव कशानं येईल?" आईने आधी घरात हिंग आहे का ते विचारलं. मग हिंगाच्या फोडणीवर पंधरा मिनिटं बोलली, आणि त्यानंतर दर रविवारी माझ्याआधी त्याची चौकशी करू लागली. गणपतीत हा आमच्या मूर्तीला हात जोडत नसे. पण शेजाऱ्याने आरतीच्या आवाजाची तक्रार केली, तेव्हा खाली जाऊन आरतीच्या बाजूने भांडून आला तो हाच.

इतकी वादावादी करूनही कोणाचं मन त्याने कधी दुखवलं नव्हतं. दुखवलं ते एकदाच, आणि तेही आमच्या हैदराबाद्याचं.

झालं असं, की दोन स्टेशनं पलीकडे कौन्सिलचा एक जुना लाकडी हॉल होता, दोन वर्षं कुलूप लावलेला. जुम्म्याच्या नमाजासाठी तो भाड्याने मिळावा म्हणून मुस्लिम विद्यार्थ्यांनी अर्ज केला होता आणि त्यात आमचा हैदराबादी पुढे होता. त्याच महिन्यात स्टेशनवर कोणीतरी त्याच्या दाढीवरून त्याला घाण बोललं होतं. तेव्हापासून तो ट्रेनमध्ये कधी बसत नसे, दाराजवळ उभा राही. अर्जावर लोकांचं म्हणणं ऐकायला कौन्सिलने एका संध्याकाळपुरतं कुलूप काढून त्याच हॉलमध्ये सभा ठेवली. प्रत्येकाला तीन मिनिटं. अर्जाच्या बाजूने कोणी बोलावं, याचा विचारसुद्धा करावा लागला नाही. रूममेटने चार पानं लिहिली, हैदराबाद्याने ती तीनदा तपासली, आणि मी माझा एकुलता एक इस्त्रीचा शर्ट त्याला दिला.

सभेत त्याच्याआधी एक उंच, वाकलेले गोरे आजोबा बोलायला उठले. हातात लिहून आणलेला कागद होता. "या देशाची म्हणून एक रीत आहे," असं त्यांनी सुरू केलं, आणि तुम्ही लोक ती पुसायला निघालात या वाक्यापर्यंत येतात तोच मागून आरडाओरडा सुरू झाला. खाली बसा, लाज वाटत नाही का, रेसिस्ट! त्या गोंगाटात त्यांची वेळ संपली आणि अध्यक्षबाईंनी घंटी वाजवली.

रूममेट माइकपाशी गेला, चारही पानं घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, "मॅडम, माझी तीन मिनिटं या आजोबांना द्या. त्यांचं बोलणं पुरं झालेलं नाही."

हैदराबाद्याने माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठले. बाईंनी नियमांचं पुस्तक चाळलं, त्यात याविरुद्ध काही सापडलं नाही. सगळ्यांत जास्त गोंधळले ते आजोबा. पुन्हा उभे राहिले. पहिलं मिनिट तेच बोलले, दुसऱ्यात तेच, पण हळू आवाजात. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी कागद खाली ठेवला. "इथे दर शनिवारी दुपारी नाच असायचा," ते म्हणाले. "माझी बायको मला इथेच भेटली. ती गेली, मग हॉलही बंद झाला. तो उघडा म्हणून मी कौन्सिलला चार पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही." आणि बसले.

रूममेट जागेवरूनच ओरडला, "शनिवार? पण यांना तर शुक्रवार पाहिजे!" लोक हसले. बाईंनी, तुमची वेळ संपलेली आहे, म्हणून त्याला खाली बसवलं, पण वहीत काहीतरी लिहिलंही.

घरी आल्यावर हैदराबादी फुटला. "क्या मियाँ, मेरे हिस्से की बात उसको दे दिए? स्टेशन पे गाली मैं खाया, वहाँ बैठ के फिर से सुनना भी मेरेकोच पड़ा!" रूममेट उत्तर द्यायला उठला, आणि तसाच सिंकपाशी जाऊन सगळ्यांची भांडी घासू लागला. चार दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. फ्लॅट इतका शांत झाला की फ्रीजची घरघर ऐकू येई आणि मी सलग चार दिवस वेळेवर युनीत पोहोचलो.

पाचव्या दिवशी रूममेटने खिचडी केली, हैदराबाद्यापुढे ताट ठेवलं आणि जमिनीकडे बघत नागपुरी हिंदीत म्हणाला, "गाव में हमारे लोगों को किसीने दो मिनट बोलने नहीं दिया. इसलिए किसी का मुँह बंद किया हुआ मेरे को देखा नहीं जाता. पर तेरे को पहले पूछना चाहिए था. वो गलती हुई." हैदराबाद्याने एक घास खाल्ला आणि म्हणाला, "नमक कम है." यावरून दोघांत जो वाद पेटला तो दीड तास चालला. मला गाढ झोप लागली.

दोन महिन्यांनी कौन्सिलने हॉल उघडला. शुक्रवारी दुपारी नमाज, शनिवारी 'आर्वो'ला, म्हणजे तिकडच्या भाषेत दुपारीच, नाच, सहा महिने प्रयोग म्हणून. पहिल्या शनिवारी नाचायला जेमतेम पाच म्हातारी माणसं आली, तेव्हा संख्या वाढवायला रूममेट आम्हाला ओढत घेऊन गेला. त्याने नाचताना एका आजींचे दोन्ही पाय तुडवले. गाणी लावायचं काम हैदराबाद्याकडे होतं. निघताना ते उंच आजोबा त्याच्यापाशी येऊन म्हणाले, "मला हे सगळं अजून पटलेलं नाही. पण खुर्च्या तुम्ही लोक आमच्यापेक्षा नीट लावता." हैदराबादी म्हणाला, "नो वरीज, अंकल." परत येताना तो ट्रेनमध्ये सीटवर बसला. मी ते पाहिलं.

रूममेटला पुढे पार उत्तरेला, डार्विन शहरातल्या हॉस्पिटलात ऑफिसची नोकरी लागली. अजून तो तिथेच आहे. नागरिकत्वाची शपथ देवाचं नाव घेऊन आणि न घेता, अशी दोन्ही प्रकारे घेता येते, हे कळल्याच्या आनंदात त्याने मला तिकडून फोन केला होता. स्वतः देवाशिवाय घेतली, शेजारच्या फिलिपिनो बाईने देवासकट, आणि दोघं एकाच केकपाशी तासभर वाद घालत उभे राहिले.

तो डार्विनला निघाला त्या दिवशी हैदराबादी आणि मी त्याला विमानतळावर सोडायला गेलो होतो. रडारड नको, म्हणून मी मुद्दाम काडी टाकली. म्हटलं, "तू काहीही म्हण, शेवटी माणसाने आपल्या माणसांतच राहावं." एवढ्यावर तो एरवी अर्धा तास सहज बोलला असता. "आपली म्हणजे कोण, यादी दे," म्हणाला असता. त्याने बॅगेचा पट्टा सारखा केला, आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाला, "खरं आहे बे तुझं."

आणि वळून आत गेला. त्याच्याशी मी जिंकलेला तो एकमेव वाद. परतीच्या ट्रेनमध्ये हॅरिस पार्क येईपर्यंत हैदराबादी आणि मी, त्या खिचडीत मीठ कमी होतं की नव्हतं, यावर वाद घालत बसलो.