खोलीत कोण बसणार

माझी नणंद घरी आली की आधी माझ्या वरणाला नावं ठेवते आणि मग पाणी पिते. वयानं ती माझ्यापेक्षा मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते, आणि मनातल्या मनात आणखी बरंच काही. शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात ती बिलं बनवते, तिथंच खोली करून राहते आणि सुटीच्या दिवशी प्रताप नगरात आमच्याकडे येऊन माझा संसार तपासते. त्या रविवारी मात्र तिनं वरणभात मुकाट्यानं खाल्ला आणि वर "चांगलं झालं" म्हणाली. काहीतरी बिघडलं होतं.

सासूबाई दुपारच्या आडव्या झाल्यावर कुरड्या वाळल्या का पाहायच्या निमित्तानं मी तिला गच्चीवर नेलं. तिथं तिनं सांगितलं. आदल्या संध्याकाळी सगळे गेल्यावर गोदामाच्या मॅनेजरनं ऑफिसचं दार लावून घेतलं होतं आणि तिच्यावर जबरदस्ती केली होती. एवढं तिनं एका दमात सांगितलं आणि कुरड्या उलटवायला बसली. रडले मी. त्या माणसाला उन्हात पसरून वर कावळे राखायला बसवावं, इतका मला राग आला होता.

"रडू नको वं," ती म्हणाली. "आता काही होत नाही. मी आंघोळ केली, कपडे धुतले, म्हणजे पुरावा गेला. पोलिसांची चिठ्ठी नसली तर डॉक्टर हात लावत नाही. अन् तक्रार वाडीलेच द्यावं लागते. त्या रस्त्यानं मी आता जात नाही."

ताई इतक्या ठामपणे बोलत होती की ती चुकते आहे असा मला दाट संशय आला. पण ती चुकली हे तिच्या तोंडावर सांगायची संधी आयुष्यात पहिल्यांदाच आली होती आणि नेमकं मलाही खरं काय ते माहीत नव्हतं. कोर्टात गरजूंना फुकट सल्ला देणाऱ्या एक वकीलबाई माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांना तिथूनच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. ताई ऐकत नसल्यासारखं करून ऐकत होती.

वकीलबाईंनी एकेक गोष्ट सोडवून सांगितली. तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावीच लागते, पुढं पाठवायचं काम त्यांचं. आंघोळ केली म्हणून गुन्हा धुतला जात नाही. दवाखान्यात चिठ्ठीशिवाय तपासतात, औषधपाणी फुकट, आणि तिनं हो म्हटल्याशिवाय तपासायचं नाही. वकीलही फुकट मिळतो. तिचं नाव कुणी छापायचं नाही. जबाब महिला अधिकारी घेईल, तो तिच्या घरी नाहीतर ती म्हणेल तिथं.

"घरी?" ताईनं विचारलं. फोन लागल्यापासून ती पहिल्यांदाच काही बोलली होती.

आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई प्रत्येक गोष्ट विचारून करत होत्या, आणि एका गोष्टीला ताई नाही म्हणाली तर ती त्यांनी खरंच सोडून दिली. मग घराजवळच्या ठाण्यात तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी तीन वाजता सविस्तर जबाबासाठी घरी येते, असं तिथल्या मॅडमनी सांगितलं.

सासूबाईंना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं मी आणि माझ्या नवऱ्यानं ठरवलं. त्यांना बीपी आहे. ताईला टायफॉइड झाला, असं ठोकून दिलं. ताईला विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. सासूबाईंनी लगेच अळणी खिचडी सुरू केली, आणि ताई माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं पाहत ती खात होती.

पण माझ्या नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. रात्रीतून बातमी काकाजींकडे गेली. हे आमचे चुलतसासरे. आमच्यात लग्न असो की बारसं, संविधानाची उद्देशिका तेच वाचतात, आणि पंगत खोळंबली तरी बंधुतेपर्यंत सावकाशच पोचतात. त्यांनी सकाळी फोनवर मला घरच्यांची बैठक घ्यायचा निर्णय कळवला. "घरातली गोष्ट हाय. आधी आपण चार माणसं बसू, मंग गोदामाच्या मालकासंगं बोलू."

"बसा नं काकाजी," मी गोड आवाजात म्हटलं. "तीन वाजता या."

ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "भल्ली बदमाश हायेस वं तू." मला इतका आनंद झाला की मी तिच्या खिचडीत चोरून मीठ आणि लोणचं घातलं.

तीन वाजता काकाजी आणि त्यांच्याबरोबर आलेले दोन नातेवाईक सोफ्यावर स्थिरावले. मागोमाग मॅडम आल्या, साध्या सलवार कुर्त्यात. "जबाब ताईंचा आहे," त्या म्हणाल्या. "त्यांच्याजवळ कोण बसणार ते त्या सांगतील. बाकीच्यांनी आत जावं."

"मॅडम, घरातला मोठा मी हाय," काकाजी म्हणाले.

"मग तुम्ही आधी उठा, म्हणजे बाकीचेही उठतील."

आमच्याकडे बैठकीत पुरुष हॉलमध्ये बसतात आणि बायका स्वयंपाकघरातून कान देतात. त्या दिवशी काकाजी पिठाच्या डब्यावर बसले, दोघे नातेवाईक ओट्याला टेकले आणि माझा नवरा फ्रिजशेजारी उभा राहिला. मी मात्र ताईच्या शेजारी खुर्ची ओढून बसलेही होते. सगळं मीच तर जमवलं होतं.

"वहिनी, तू बी जा," ताई म्हणाली. "आईले पाठव."

"ताई, आईंना नका सांगू. त्यांचं बीपी..."

"सांगायचं माझं हाय नं? मंग कोणाले सांगायचं, ते बी मीच ठरवतो."

मला लागलं, खोटं कशाला बोलू. मी सासूबाईंना उठवून आणलं. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि काही न विचारता माझ्या खुर्चीवर बसून तिचा हात हातात घेतला. "दार ओढून घे वं," त्या मला म्हणाल्या.

स्वयंपाकघरात काकाजींनी हळूच विचारलं, "तुले बी काढलं?"

"हो."

"मंग आत कोण हाय?"

"आई."

काकाजी डब्यावरून उठले आणि दाराशी गेले. थोड्या वेळानं दारापलीकडून सासूबाईंचा हुंदका आला. मी झटकन उठले, पण माझ्याआधी काकाजी कडीवर हात ठेवून उभे राहिले होते.

"तिनं बोलावलं का तुले?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग थांब."

मी थांबले. आत ताईचा आवाज जराही न अडखळता पुढं सांगत होता.