बत्तीस सेंटिमीटर

बारावीचा भौतिकशास्त्राचा प्रकल्प आमच्या कळमनुरीत झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळायचा. दोन हलक्या गोळ्या एकाच खिळ्याला दोऱ्याने टांगायच्या, दोन्हींना सारखा विद्युतभार द्यायचा आणि त्या एकमेकींपासून किती लांब सरकतात ते मोजायचं. करायचं कुणीच नाही. उतरवायचं. मीही उतरवायला बसले आणि तिसऱ्या पानावर थांबले. दोऱ्याची लांबी दहा सेंटिमीटर. गोळ्यांमधलं अंतर बत्तीस.

दहा-दहाच्या दोऱ्यांवरच्या गोळ्या कितीही फाकल्या तरी विसाच्या पुढे जातील कशा? मागच्या वर्षीच्या तीन फाइली मागून आणल्या. तिन्हींत बत्तीस. तिन्हींवर सरांची सही.

माझे वडील सायकली दुरुस्त करतात आणि आठवडी बाजारात बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटतात. मला अक्षरओळख त्या पत्रकांवरच झाली. त्यामुळे माझा संशय बत्तीसवर थांबला नाही. पुस्तकातला नियम तरी कुणी बघितला होता? की तोही असाच सही होत होत आमच्यापर्यंत आला होता?

वर्गात उभं राहून मी विचारलं. सर हसले.

"अगं, झेरॉक्समध्ये टिंब उडलं असंल. तीन पॉइंट दोन. काहून डोकं लावून राहिली? बाहेरचे परीक्षक येतेत, सगळ्यांचं सारखं असलं की बराबर गुण देतेत. तुझे गेले तर बी.एस्सी.ला नंबर लागणार न्हाई."

नंबर मला लागायलाच हवा होता. पण न मोजलेला आकडा माझ्या हाताने लिहिला जाईना.

मग घरीच मांडामांड केली. चॉकलेटच्या चांदीत गुंडाळलेल्या थर्मोकोलच्या गोळ्या, नायलॉनचा दोरा, नळाच्या प्लास्टिक पाइपचा तुकडा आणि तो घासायला घोंगडी. सप्टेंबरात गोळ्या ढिम्म हलल्या नाहीत. थोतांड आहे हे, असं मी वडिलांना जवळजवळ आनंदाने सांगितलं.

"हवा किती ओली हाय बघ," ते म्हणाले. "भार टिकंल का त्यात? बुवालाबी येवढ्या घाईनं पकडत न्हाईत, माय."

जानेवारीतल्या एका कोरड्या दुपारी पुन्हा पाइप घासला. गोळ्या पाइपकडे झेपावल्या, टेकल्या आणि चटकन एकमेकींपासून फाकल्या. मध्ये काहीच नव्हतं. "वारं असंल," म्हणत वडिलांनी दार लावलं. गोळ्या फाकलेल्याच राहिल्या. मोजलं, तर तीन सेंटिमीटर. थोड्या वेळाने अडीच. मग दोन. भार हळूहळू निसटत होता. तिन्ही आकडे मी वेळेसकट लिहिले.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी नेमकी माझीच फाइल बाजूला काढली.

"सगळ्यांचं रीडिंग एक आणि तुझी तीन, तीही वेगवेगळी. मनानं टाकलीस?"

"दोरा दहाचा हाय, सर. त्यांचे बत्तीस बघा तुम्ही."

त्यांनी चार फाइली उघडून पाहिल्या. आमचे सर खिडकीबाहेर बघत होते.

"बरं," परीक्षक म्हणाले, "सारखे भार एकमेकांना ढकलतात, तर अणूच्या केंद्रकात प्रोटॉन खेटून कसे राहतात?"

"इलेक्ट्रॉन विरुद्ध भाराचे, म्हणून केंद्रक त्यांना ओढून धरतं. पण प्रोटॉनांना धरणारं बल वेगळं. ते अगदी जवळ असतील तरच लागतं आणि ढकलण्यापेक्षा जोराचं असतं. असं पुस्तकात हाय. मी बघितलेलं न्हाई."

"म्हणजे विश्वास नाही?"

"ढकलणं बघितलंय, सर. केंद्रकायेवढ्या बारक्या जागेत ते किती जोराचं असंल! तरी केंद्रक फुटत न्हाई, म्हणजे धरणारं काहीतरी असलंच पाहिजे. तेवढं मानते."

"करून दाखव."

पाइप आणि घोंगडी पिशवीत होतीच. मी पंखा बंद करायला सांगितला. गोळ्या फाकल्या. त्यांनी स्वतः पट्टी धरली. पावणेतीन. माझ्या तीन आकड्यांखाली तो चौथा त्यांनी आपल्या पेनाने लिहिला आणि सही केली.

बी.एस्सी.ला नंबर लागला. पण प्रकल्पाचे गुण बत्तीसवाल्यांपेक्षा दोनने कमीच आले. ते कुणी कापले हे विचारायला मी दोनदा कॉलेजात गेले. दोन्ही वेळा सर रजेवर असल्याचं सांगितलं. दुसऱ्या वेळी त्यांची गाडी मात्र झाडाखाली उभी होती.