मेस्तिणीचा नकाशा

कारापूरची आमची मेस्तीण भिंतीला हात लावून पाहिल्याशिवाय तिच्याबद्दल अवाक्षर काढत नसे. बाप चिऱ्यांचं बांधकाम करणारा मेस्त, म्हणून आर्किटेक्चरच्या पदव्युत्तर वर्गात कुणीतरी चिडवायला तिला हे नाव ठेवलं. दुसऱ्याच दिवशी तिने ते स्वतःच्या ड्रॉइंग बोर्डावर ठळक अक्षरांत लिहून आणलं.

पणजीजवळच्या त्या कॉलेजात आम्ही नऊ जण होतो. केरळचे दोघे, मणिपूरचा तोंबा, मोझांबिकहून शिष्यवृत्तीवर आलेली अमीना. अमीनाशी तिचं जमलं ते पावावरून. पोर्तुगीजांमुळे पावाला अमीनाकडेही पावच म्हणतात हे कळल्यावर मेस्तीण म्हणाली, "म्हणजे आपण शेजारीच."

शेवटच्या वर्षी मांद्र्याच्या उतारावर रिसॉर्ट आखायचं होतं. मांद्रे माझं गाव, तिथे बाबांचं गेस्टहाऊस. पाहणीला गेल्यावर सगळे समुद्राचे फोटो काढत राहिले. मेस्तीण मात्र आमच्या स्वयंपाकघरात शिरली आणि सावंतवाडीकडच्या स्वयंपाक्याला तिने विचारलं, "तुमी खंय निजतात?"

त्याने जिन्याखालची जागा दाखवली. तिने टेप काढून ती मोजली; टेपचं दुसरं टोक मागोमाग आलेल्या अमीनाने धरलं.

तिच्या नकाशात कामगारांच्या खोल्या पुढे आल्या, वाऱ्याच्या बाजूला. परीक्षक हसले. "स्वयंपाक्याला समुद्र दाखवून काय करणार?"

"सर, उकडतं त्यालाही."

आठवड्याभरात खोल्या मागे ने, नाहीतर वर्ष जाईल, असं त्यांनी बजावलं. आठवड्याने तिने तोच नकाशा टांगला. "हे लोक आज कुठे झोपतात, ते इथल्या कुणी पाहिलं असेल तर सांगावं," ती म्हणाली. मी लहानपणापासून पाहत होते. मी गप्प बसले. शिष्यवृत्ती जाण्याची टांगती तलवार असताना अमीना उठली आणि म्हणाली, "मी पाहिलंय."

मेस्तिणीचं वर्ष गेलं. तिच्या बापाने फक्त विचारलं, "चूक तुजी आसा?" ती नाही म्हणाली. "मगे परत जा."

आम्ही पदव्या घेऊन निघालो तेव्हा ती बसस्टँडवर पोचवायला आली. मी म्हटलं, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं गे."

"होय, हवं होतं," ती शांतपणे म्हणाली, आणि माझी बॅग उचलून तिने गाडीत ठेवली.

पुढच्या वर्षी परीक्षक नवे होते, नकाशा जुनाच. एकही रेघ न बदलता ती पास झाली. निकाल कळवायला तिने अमीनाला फोन केला. मला निकाल महिन्याभराने, तोंबाकडून कळला.