सोयाबीनचा मांडव

नेरमध्ये सेगुलाबाईंना सगळे सिस्टरच म्हणत. सरकारी दवाखान्यात त्यांनी एकतीस वर्षं बाळंतपणं केली. मूळच्या कोकणातल्या, बेने इस्राएल. नवरा जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहायचा. तो गेला, मग जिनिंगही बंद पडलं. त्या राहिल्या. गावात यहुदी घर ते एकच.

इकडे घट बसत, तिकडे त्यांचं नवं वर्ष लागे. दसऱ्याच्या मागेपुढे दारफाळणीचा सण. त्या दिवशी पांढरं नेसायचं, कडक उपास, दाराला आतून कडी. परक्याशी बोलायचंही नाही. मग पाच दिवसांनी अंगणात मांडव, आठवडाभर जेवण त्याखालीच. त्याच्या छपराला पऱ्हाटी, कापसाची वाळकी झाडं, पुरवायचे पंजाबराव; त्यांची शेताची वाट सिस्टरांच्या दारावरून.

दोन हजार पाच साली पंजाबरावांनी कापूस सोडून सोयाबीन पेरलं. वडिलांच्या काळापासूनची पऱ्हाटी, पण आता परवडत नव्हती. उरलेला शेवटचा भारा त्यांनी अंगणात टाकला, तेव्हा सिस्टर हसत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी काय, सोयाबीनचा मांडव?"

पंजाबराव तसेच वळले. त्यानंतर वर्षभर रस्ता बदलून जात राहिले.

दारफाळणीआधी ज्याचं मन दुखवलं त्याची माफी मागायची असते. ती देवाकडे मागून चालत नाही. पुढच्या दारफाळणीच्या आदल्या दुपारी सिस्टर त्यांच्या घरी गेल्या, तर पंजाबराव घाटंजीला सासुरवाडीला गेलेले. परतताना शेजारच्या रुखमाबाईने पिशवी भरता भरता विचारलं, "सिस्टर, तोंड काहून उतरलं? उद्या आपण दोघी बी पांढऱ्यात. मी नागपूरले दीक्षाभूमीवर, तुम्ही घरात कोंडून."

दीक्षेला पन्नास वर्षं होत होती. दसराही त्याच दिवशी, दारफाळणीही. रमजान चालू होता, म्हणजे सिस्टरांच्या उपासाला गल्लीत सोबतही होती.

दसऱ्याला ऊन कलल्यावर कडी वाजली.

"सिस्टर, सोनं घ्या."

आवाज पंजाबरावांचा. सिस्टर दारामागे उभ्या राहिल्या. लग्न झाल्यापासून दारफाळणीला त्यांनी दार कधी उघडलं नव्हतं. बाहेर चपला वळल्याचा आवाज आला.

त्यांनी कडी काढली.

"तुमचा तं उपास हाये न आज?" पंजाबराव गोंधळले. "मी विसरूनच गेलतो. लावा, लावा दार."

"आधी सांगा, राग गेला का?"

"गेला नाही. पण सोनं तं द्याच लागते."

"गेल्या वर्षी मी बोलले ते चुकलं. माफ करा मला."

पंजाबरावांनी हातातली आपट्याची पानं सारखी केली. "अख्खं गाव तेच बोललं, सिस्टर. तुमचंच तेवढं लागलं." पानं सिस्टरांच्या हातावर ठेवली आणि स्वतःच बाहेरून दार ओढून घेतलं.

पाच दिवसांनी सकाळी अंगणात भारे पडले. न मळलेलं सोयाबीन, शेंगांसकट.

"घ्या," पंजाबराव म्हणाले. चेहरा गंभीर. "तुम्हीच म्हटलं होतं."

पऱ्हाटीसारखं ते छपरावर टिकेना. सुतळीने बांधावं लागलं. दुपारी ऊन चढलं की वर शेंगा तडकत आणि दाणे खाली पडत, वरणात, सिस्टरांच्या पांढऱ्या केसांत. नागपूरहून आलेली रुखमाबाई जेवता जेवता ते वेचून ओच्यात टाकी. सिस्टर वर बघत, पुढच्या तडकण्याची वाट पाहत.