आईच्या डोळ्यात रुईचा चीक

आमच्या आईला रुई लहानपणापासून माहीत होती. तिवस्याजवळच्या खेड्यात ती वाढली, शेतात राबली. पायात बाभळीचा काटा मोडला की ती त्यावर रुईचा चीक लावायची आणि दुसऱ्या दिवशी काटा वर आलेला असायचा. म्हातारपणी गुडघे धरले तेव्हा रुईच्या पानाला तेल लावून, तव्यावर गरम करून ते गुडघ्यावर बांधायची. त्याने तिला बरं वाटायचं, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण पान तोडून आली की ती आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची. आम्हा भावंडांना सांगायची, "रुईले हात लागला तं डोयाले हात लावाचा नाई. ढोरंबी तोंड नाई लावत तिले."

हे मी मुद्दाम आधी सांगतो. पुढे जे झालं ते अडाणीपणामुळे झालं, असं लोक म्हणतात तेव्हा मला संताप येतो. घरात अडाणी कोणी असेल तर तो मी होतो, आणि मी अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे.

आईच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर एक चामखीळ होती. चष्मा घालताना, काढताना ती दुखायची. तेवढ्यात बडनेऱ्याला आमच्या कॉलनीतल्या देवळाच्या सभागृहात एका वैद्यबाबाचं शिबिर लागलं. पांढरे कपडे, समोर टेबलावर मुळ्या-पाल्यांच्या पुड्या, आणि आवाज इतका गोड की ऐकतच राहावं. मी आईला तिथे घेऊन गेलो, तर त्याने लांबूनच तिची पापणी पाहिली.

"रोज सकाळी रुईचा ताजा चीक, काडीच्या टोकाने. आठ दिवसांत गळून पडेल."

आई म्हणाली, "डोयापाशी? आमी तं कधी नाई लावला."

तो तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून हसला. "वनस्पती आहे, ॲसिड नाही. निसर्ग कोणाला इजा करत नाही."

प्रयोगशाळेत मी रोज पोरांना सांगतो की कोणतीही बाटली डोळ्याजवळ नेऊ नका. त्या दिवशी त्या एका वाक्यावर मी मान डोलावली. धोतरा आणि कण्हेर याच निसर्गातल्या आणि तरी विषारी, हे मला त्या वेळी आठवलं नाही. घरी येऊन आईलाच समजावलं. म्हटलं, "अवं, शिकलेला माणूस हाय तो. तुयं जुनं तुयापाशी ठेव."

रेल्वे क्वार्टरच्या मागच्या पडीक जागेत रुईची झाडं आहेत. तिथून मी रोज एक डहाळी तोडून आणायचो. आईचे हात थरथरतात म्हणून चीक मीच लावायचो. दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी काडीवर चीक जरा जास्त आला. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि आईने मान वळवली. थेंब पापणीवरून सरळ डोळ्यात उतरला.

बायको आतून धावत आली. "पाण्यानं धुवा आधी. नळाखाली धरा."

मी खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकाने डोळा पुसला. आई म्हणाली, "थोडंसं चुरचुरलं. आता काई दुखून नाई राहिलं." बायकोने पुन्हा पाण्याचं म्हटलं तर मी तिच्यावरच खेकसलो आणि कॉलेजला निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पलंगावर बसून डावा डोळा हाताने झाकत होती, पुन्हा उघडत होती.

"काय झालं?"

"काई नाई. या डोयानं सारं धुपट दिसून राहिलं. तुयं तोंडच दिसत नाई मले."

"दुखते का?"

"नाई ना. दुखत नाई म्हणून तं मी कोनाले सांगतलं नाई."

डोळा लाल होता आणि बुबुळावर पातळ दुधासारखा पडदा आला होता. तेव्हाही मी डॉक्टरकडे नेलं नाही. शिबिराच्या चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन केला. वैद्यबाबाचा माणूस म्हणाला, विष बाहेर पडत आहे, चांगली खूण आहे, गुलाबपाणी टाका आणि तीन दिवस थांबा. मी कामावर जाताना बायकोला गुलाबपाणी आणायला सांगितलं.

तिने ते आणलं नाही. मी गेल्यावर तिने ऑटो बोलावला, आईला बसवलं आणि अमरावतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दुपारी मला फोन आला. "इकडं या. डॉक्टरले तुमच्याशीच बोलाचं हाय."

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "चीक गेल्या गेल्या पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवायला हवा होता," त्या म्हणाल्या. "धुतला?"

"नाही."

"रुईच्या चिकाने डोळा फारसा दुखत नाही. म्हणूनच लोक घरी बसतात, आणि आतल्या आत बुबुळ सुजत जातं. आजींना आज आणलं हे बरं केलं."

आणलं मी नव्हतंच.

दिवसातून कितीतरी वेळा थेंब टाकायचे होते. बायकोने भिंतीवर कागद लावला आणि वेळा मांडल्या. पहिले काही दिवस आई भिंतीला हात लावत चालायची. तिसऱ्या आठवड्यात तिला उजव्या डोळ्याने कॅलेंडरचे आकडे दिसले. डॉक्टर म्हणाल्या की नजर परत आली, पण बुबुळाच्या आतल्या थरातल्या ज्या पेशी गेल्या त्या पुन्हा तयार होत नाहीत. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन करायची वेळ आली तर जपून करावं लागेल.

त्या संध्याकाळी आई पुन्हा रुईचं पान तव्यावर गरम करत होती. माझा तोल गेला. पान ओढून घेतलं आणि म्हटलं, "इतकं झालं तरी तुले हेच पायजे?"

ती म्हणाली, "रुईनं काय केलं? रुई थोडीच चालत आली माह्या डोयात? तू टाकला."

मी पान परत दिलं. गुडघ्याची कातडी कुठे सोललेली नाही ना, पान जास्त गरम नाही ना, एवढं पाहिलं.

पुढच्या रविवारी त्या वैद्यबाबाचं शिबिर अकोल्याला होतं. सकाळच्या गाडीने गेलो. मंगल कार्यालय भरलं होतं, बहुतेक बायाच. तो माईकवर बोलत होता. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. चीक, पापणी, फोन, गुलाबपाणी.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग माईकवर म्हणाला, "यांनी काडी नीट धरली नाही. औषधाला नावं ठेवण्याआधी माणसाने आपला हात पाहावा."

लोक हसले. मागून एक जण म्हणाला, "बसा ना भाऊ, आमाले ऐकू द्या." दोन माणसं येऊन दंडाला धरून मला दारापर्यंत घेऊन गेली. त्याचं बोलणं अर्धं खरं होतं, म्हणून मला जास्त झोंबलं. काडी माझ्याच हातात होती. पण ती डोळ्यापर्यंत नेण्याची हिंमत मला त्याच्या त्या एका वाक्याने दिली होती, आणि आईने आयुष्यभर पाळलेली भीती त्याने एका हसण्यात पुसून टाकली होती.

बाहेर चपलांच्या ढिगापाशी एक बाई माझ्या मागून आली. कडेवर मुलगी, तिच्या नाकाजवळ चामखीळ. "खरंच डोया जाते का हो भाऊ?"

"जाऊ शकते. चामखीळ डॉक्टरले दाखवा, ते काढून देतात. चीक तोंडाजवळ आणू नका. पोटात गेला तरी तो जहरच आहे."

तिने ऐकलं, मान हलवली आणि आत निघून गेली. मी दाराच्या फटीतून पाहिलं. ती रांगेत जाऊन उभी राहिली होती.

मी पुन्हा आत जायला निघालो तर दारावरच्या माणसाने हात आडवा केला. मग गेटवर उभा राहिलो. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत राहिलो, डोळ्यात गेला तर लगेच पाण्याने धुवा, दुखलं नाही तरी डॉक्टरकडे जा. काही थांबले. बरेच जण मला वेडा समजून बाजूने गेले. ती बाई पुडी हातात घेऊन आली, माझ्याकडे न बघता रिक्षात बसली आणि गेली.

घरी आल्यावर आईने विचारलं, "ऐकलं का कोनी?"

"दोघा-तिघांनी."

"मंग काहून एवढा फणफणून राहिला? जेवून घे."

मी जेवलो नाही.