मी जुनी गाडी नवी केली

माणसाने सेकंडहँड गाडी घेतली तर त्यात काही वेडेपणा नाही. मी मात्र ती घरी आल्यावर डायनिंग टेबलावर घालतात तसलं पारदर्शक प्लास्टिक मीटरवर विकत आणलं, शिलाई मशीनवर त्याची कव्हरं शिवली आणि सगळ्या सीटवर चढवली. का, तर गाडी कालच कारखान्यातून निघाली असं वाटावं म्हणून. नव्या गाडीचं प्लास्टिक आमच्याकडे कुणी काढत नाही, ते फाटून लोंबायला लागेपर्यंत तसंच ठेवतात. माझ्या गाडीला प्लास्टिक नव्हतं, तर मी ते पुरवलं. शिवताना मशीनची सुई दोनदा मोडली. देवाने मला तेव्हाच इशारा दिला होता, पण मी साठीत नुकती शिरलेली, तरुण पोर. मला कोण शहाणपण शिकवणार?

गाडीचं वेड आमच्या ह्यांचं. विक्रोळीच्या कारखान्यात टूलरूममध्ये ह्यांचं आयुष्य गेलं. तरुणपणी तिथे एक परदेशी इंजिनिअर मशीन बसवायला आला होता. डबा खाताना त्याने खिशातून फोटो काढून दाखवला. बायकोचा असेल म्हणून सगळे वाकले, तर फोटो गाडीचा. बर्फात उभी, लांबुळकी, आडवं पाडलेलं कपाट असावं तशी चौकोनी. युरोपातल्या एका छोट्या देशाची ती कंपनी; आपल्याकडे त्या गाड्या आजही बोटावर मोजण्याइतक्या दिसतात. ह्यांनी तो फोटो डोक्यात ठेवला आणि रिटायर होऊन, मुलीचं लग्न करून, नातीचं बारसं आटोपून मग सांगितलं, "मला ती गाडी बघायचीय."

बघायला अंधेरीला गेलो. त्या कंपनीच्याच शोरूममध्ये एका बाजूला वापरलेल्या गाड्या होत्या. त्या म्हणे कंपनीने स्वतः तपासलेल्या, प्रमाणपत्रासकट. विकणारी मुलगी फार गोड होती.

"मॅडम, ही सर्टिफाइड प्री-ओन्ड आहे."

"म्हणजे सेकंडहँडच ना गं?"

"प्री-ओन्ड, मॅडम."

"माझ्या आईकडे मी मावसबहिणींचे फ्रॉक घालायचे. तेही प्री-ओन्डच होते म्हणायचे."

ती हसली. हे हसले नाहीत, कारण हे तिथे नव्हतेच. पांढऱ्या लेंग्यात शोरूमच्या चकचकीत लादीवर उताणे पडून गाडीच्या पोटाखाली बघत होते. बाहेर आले तेव्हा पाठीला धूळ आणि चेहऱ्यावर असं काही, की मी भाव करायचंच विसरले. गाडी आधी पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंची होती. "बाईने फार जपून चालवलीय," हे म्हणाले, जसं काही तिचं स्थळ बघून आलेत.

आता इथे माझं घोडं अडलं. फ्रॉकवरून विनोद केला खरा, पण ते फ्रॉक आतून टोचतच होते. आमच्या चाळीत सहा घरांत मिळून एक शाळेचं दप्तर फिरायचं. लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, दुसऱ्याचं उतरलेलं आता दारात आणायचं नाही. आणि आता सोसायटीच्या नाकासमोर एवढी मोठी उतरलेली वस्तू उभी राहणार होती.

परतताना रिक्षात मी फर्मान काढलं, "खाली कुणी विचारलं तर नवीन म्हणायचं."

"खोटं बोलू?"

"विचारलं तरच."

गाडी आली त्या दिवशी मी साग्रसंगीत पूजा केली. चाकांखाली लिंबं, नारळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. पुढे-मागे वाकून हळदीकुंकवाची बोटंही ओढली. सगळे जमले होते, सगळ्यांनी हात जोडले, पेढे खाल्ले, "अभिनंदन" म्हणाले. मला वाटलं, जिंकलो.

जिंकले मी एकटीच. आमच्या गेटाजवळ एक बाक आहे. संध्याकाळी तिथे रिटायर मंडळी बसतात आणि महापालिकेपासून मधुमेहापर्यंत सगळ्यांचा समाचार घेतात. गाडी घ्यायच्या आधी हे रोज त्या बाकावर. कुठली गाडी घ्यावी, का घ्यावी, ह्यावर प्रवचन द्यायचे. गाडी आली आणि ह्यांचं बाकावर जाणं थांबलं. ह्यांना खोटं बोलता येत नाही. प्रयत्न केला की कान लाल होतात. मग काय करणार, पहाटे सगळे झोपेत असताना गाडी पुसायची आणि वर यायचं. संध्याकाळी टीव्ही लावून स्क्रूचे डबे निवडत बसायचं. तांदूळ निवडावेत तसे.

"खाली जा की जरा," मी म्हणायचे.

"नको. विचारतील."

"विचारू दे की."

"मग तूच ये सांगायला."

मी जायचे नाही. अख्खी हयात ज्या गाडीची वाट बघितली, ती खाली कव्हर घालून उभी आणि तिचा मालक वर स्क्रू निवडतोय, हे मला दिसत होतं. दिसत असून मी म्हणायचे, होईल सवय.

खालच्या मजल्यावर एक गुजराती बेन राहतात. माझ्याच वयाच्या, गुडघे माझ्याहून वाईट. त्यांना घाटकोपरला भावाकडे जायचं होतं, मलाही तिकडेच काम होतं. मी म्हटलं, चला आमच्या गाडीतून. गुडघ्यांमुळे त्या पुढे ह्यांच्या शेजारी बसल्या, मी मागे. बसल्याबरोबर प्लास्टिक करकरलं.

"नवीन गाडीची मजाच वेगळी," मी मागून म्हटलं.

"हां ना," बेन म्हणाल्या.

एवढ्यावर गप्प बसले असते तर ती मी नव्हे. पुढे एका बटणावर खुर्चीचं चित्र होतं आणि त्यातून तीन नागमोडी रेषा निघालेल्या. म्हटलं, हा वारा. "बेन, ते बटण दाबा. सीटमधून थंड हवा येते. परदेशी आहे ना!"

बेननी दाबलं. मी म्हटलं, अजून दाबा. त्यांनी दाबलं. भांडुप येईपर्यंत त्या पदराने वारा घेत होत्या. कांजूरला त्यांनी कपाळाला हात लावून बघितला.

"भाभी, मला ताप आलाय काय हो? खालून येतोय."

"खालून कसा ताप येईल?"

"मला काय माहीत! प्लास्टिक चिकटलं मला. भाईसाहेब, गाडी थांबवा, मी इडली झाले!"

ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि शांतपणे ते बटण बंद केलं. थंड मुलखातली गाडी, थंडीत बूड शेकायची सोय होती ती.

"अहो, मग बोलला का नाहीत?" मी ओरडले.

"माझं लक्ष रस्त्यावर. मला वाटलं बेनची कंबर दुखतेय, म्हणून शेकतायत."

बेन कशाबशा खाली उतरल्या, वाकल्या आणि माझं कव्हर शिवणीसकट टर्रकन ओढून काढलं. "आता तरी काढा, भाभी. पुण्याच्या जुन्या गाडीला कसलं प्लास्टिक घालता!"

मी गार. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगेल? एमएच बारा लिहिलंय ना एवढं मोठं. सिरीजवरून वर्ष पण कळतं. पूजेला तुम्ही त्या नंबरप्लेटलाच कुंकू लावत होता, आम्ही सगळे बघत होतो."

आयुष्यभर मी गाडीचा रंग बघितला, नंबर कधी वाचला नव्हता. आणि अख्ख्या सोसायटीने तो वाचून, पेढा तोंडात टाकून, माझं अभिनंदन केलं होतं.

"मग कुणी बोललं का नाही?"

"तुम्ही एवढ्या हौसेने करत होता, कोण बोलणार? आणि आमचे हे तर रोज बाकावर भाईसाहेबांची वाट बघतात. त्यांना पण अशीच तपासलेली घ्यायचीय. काय बघायचं, कुठे फसवतात, सगळं विचारायचंय. पण भाईसाहेब येतच नाहीत. आम्हाला वाटलं, मोठी गाडी आली, आता बाकावर कशाला बसतील!"

मला मागून ह्यांची फक्त मान दिसत होती. ती हलत होती. हे हसत होते, आवाज न करता, कान लाल न होता.

घरी आल्यावर मी उरलेली कव्हरं काढली आणि म्हटलं, "जा खाली. सगळं खरं सांगा. माझ्यासकट." हे चप्पल घालून निघालेसुद्धा. मी खिडकीतून पाहिलं, तर गाडीचं कव्हर जमिनीवर, बॉनेट उघडं आणि बाकावरची झाडून सगळी मंडळी आत डोकं घालून उभी. दिवे लागले. आमटी दोनदा गरम केली. शेवटी हे वर आले, हात काळे, आवाज बसलेला.

मी विचारलं, "झालं का सांगून?"

"लवकर वाढ. जेवून परत जायचंय, अजून ब्रेक राहिलेत. आणि तू येऊ नकोस, मध्ये मध्ये बोलतेस."