चादरीवरचा हिरवा डाग

आमच्या गल्लीत लाँड्री चालवणाऱ्या बाईंना सगळे नीळमावशी म्हणत. पांढरे कपडे त्यांच्यासारखे कुणी धुवत नसे. मावशी मागच्या अंगणातल्या विहिरीवर धुवायच्या, पुढच्या खोलीत त्यांचे यजमान इस्त्री करायचे, आणि दिवसभर दोघांची एकमेकांना टोमणे मारण्याची जुगलबंदी चालायची.

एकदा दातांच्या डॉक्टरीणबाई आपला पांढरा कोट घेऊन परत आल्या. "मावशी, नीळ जास्त झाली वाटतं."

मावशींनी कोट उजेडात धरला. कॉलरच्या कडेला फिकट हिरवट डाग होता.

"नीळ अशी नसते हो. हे तर तांब्याचं भांडं कळकल्यासारखं दिसतंय."

कोट त्यांनी फुकट धुऊन दिला, पण तो रंग काही डोक्यातून जाईना. साबण बदलला, बादल्या बदलल्या, दोरीसुद्धा नवी बांधली. डाग पुन्हा आलाच. मग त्यांनी एक जुनी चादर फाडून पट्ट्या केल्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या विहिरींचं पाणी मागून आणून एकेक पट्टी त्यात भिजत घातली. ओळखू यावं म्हणून प्रत्येकीला वेगळी गाठ मारली.

"आता गल्लीभर पाणी मागत फिरायचंच राहिलं होतं," यजमान म्हणाले.

"तुम्ही इस्त्रीकडे बघा. मागच्या वेळी बाही जाळलीत."

पट्ट्या वाळल्या. गल्लीच्या टोकाकडे जावं तसा रंग गडद होत गेला होता. टोकाला एक ओसाड आवार होतं. तिथं पूर्वी पत्र्याची शेड होती, एवढंच सगळ्यांना आठवत होतं. त्या शेडमध्ये काम केलेला एकच माणूस जवळपास उरला होता: सायकली दुरुस्त करणारे आजोबा. मावशी सायकल नसताना त्यांच्या दुकानात जाऊन बसल्या.

"जुने कॉम्प्युटर यायचे," चाकाचे आरे ताणत आजोबा सांगू लागले. "आतल्या हिरव्या पट्ट्या काढायच्या, तेजाबात टाकायच्या. त्यातनं सोनं निघायचं."

"सोनं? किती?"

"ढीगभर पट्ट्यांमागे नखाएवढं."

"आणि तेजाब?"

आजोबांचा हात थांबला. "मागे खड्डा होता. त्यात ओतायचो. जमीन पिऊन टाकायची. आम्हाला वाटलं, गेलं."

"तुमची लेक तेव्हा केवढी होती?"

"पाळण्यात."

त्यांची लेक आता दोन मुलांची आई होती.

डॉक्टरीणबाईंनी ओळखीनं पाणी तपासून आणलं. त्यात तांबं निघालं, शिसंही निघालं. विहिरींवर झाकणं बसली, मावशी नळाच्या पाण्यावर आल्या आणि त्यांचा खर्च वाढला. पुढे नगरपालिकेची माणसं आवार खणायला आली, तेव्हा खड्ड्याची जागा दाखवायला आजोबा आपणहून गेले. कुणी बोट दाखवलं तर काय, म्हणून मावशी त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. तसं कुणी काही बोललं नाही.

कमरेएवढं खणल्यावर माती बदलली. तपकिरीच्या खाली निळसर हिरवा थर लागला, मोराच्या मानेसारखा. मावशी काठाशी उकिडव्या बसून बघत राहिल्या.

"दिसतंय तरी किती छान," त्या हळूच म्हणाल्या.

आजोबांनी मान फिरवली.

ती माती पिंपांत भरून ट्रकवर चढली. मावशींनी ड्रायव्हरला गाठलं. "कुठं नेता हे?"

"लांब एका माळावर पुरतात."

"तिथं विहिरी आहेत का?"

"ते मला काय ठाऊक, मावशी? विचारून सांगतो."

असं म्हणणारे बहुतेक सांगत नाहीत, पण पुढच्या खेपेला त्यानं खरंच ट्रक थांबवला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "विहिरी नाहीत. एक ओढा आहे फक्त."

मावशींनी ओले हात पदराला पुसले आणि ट्रकजवळ गेल्या.

"मग तो ओढा पुढे कुठं जातो?"